पाहिजे : एका जुन्या क्रियारूपाची कुळकथा



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो पगार, महागाई आणि संप यांवर बोलणार, हे ऐकणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलेले असते. आम्ही मात्र आज व्याकरणातले एक प्रकरण घेऊन आलो आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. त्यात व्याकरणाची गोडी लागली ती परीक्षेसाठी नव्हे, तर धंद्याच्या गरजेने लागली. सुताराला रंधा आणि लोहाराला ऐरण, तसा संघटनेचे काम करणाऱ्याला शब्द. ज्या हत्याराने रोज काम करायचे, ते कोणत्या पोलादाचे आहे हे एकदा पाहून ठेवावे, एवढीच यामागची बुद्धी.

आमच्या हत्यारांच्या पेटीत सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द कोणता, असे विचारले तर उत्तर एकच: 'पाहिजे'. पगारवाढ मिळालीच पाहिजे. बडतर्फ कामगार परत घेतलाच पाहिजे. या शब्दावाचून मराठीत मोर्चा निघत नाही आणि मागणीपत्र पुरे होत नाही. मोर्चाच कशाला, घरातले लहान मूलसुद्धा पाणी 'पाहिजे' म्हणते आणि आजोबांनाही चष्मा 'पाहिजे' असतो. पण हा इतका घरचा शब्द व्याकरणात बसवू गेले, तर नीट बसत नाही.

मी पाहतो, तू पाहतोस, ते पाहतात, असे हे क्रियापद एरवी माणसाप्रमाणे बदलते. 'पाहिजे' हे रूप माणसाची पर्वा करीत नाही. मला पाहिजे, तुला पाहिजे, मालकाला पाहिजे, हमालाला पाहिजे, शब्द तोच. शिवाय 'मला पाणी पाहिजे' या वाक्यात पाहतो कोण? पाणी तर कोणाकडे पाहत नाही. मग हे क्रियापद आहे तरी कोणाचे?

याचे उत्तर शाळेच्या व्याकरणात एका कोपऱ्यात आहे. कर्तरी, कर्मणि आणि भावे हे तीन प्रयोग आपण सर्वांनी घोकले आहेत. कर्मणीच्या पोटात 'पुराण कर्मणि' असा एक प्रकार सांगतात. करिजे, बोलिजे, कीजे, दीजे अशी ज-काराची रूपे ज्या वाक्यात येतात, तो हा प्रयोग. विद्यार्थी तो पाठ करतात, स्पर्धा परीक्षेत त्यावर एखादा प्रश्न सोडवतात आणि विसरून जातात. असली रूपे आता फक्त जुन्या कवितेत उरली, असे त्यांना वाटते. परंतु आपण प्रत्येक जण दिवसातून अनेकदा पुराण कर्मणि बोलतो. कारण 'पाहिजे' हे त्याच घराण्यातले रूप होय.

या घराण्याचा मूळ पुरुष संस्कृतात आहे. संस्कृतात कर्मणि प्रयोग करावयाचा तर धातूला 'य' लावीत: दीयते, म्हणजे दिले जाते. पुढे प्राकृत भाषांत हा 'य' झिजला आणि त्याच्या जागी दोन नवे प्रत्यय आले. बाराव्या शतकात गुजरातेतील थोर पंडित हेमचंद्र यांनी प्राकृताचे व्याकरण लिहिले, त्यात या दोन्ही प्रत्ययांची नोंद आहे. एक 'ईअ' आणि दुसरा 'इज्ज'. सातवाहनांच्या काळापासून आपल्या भूमीशी जोडलेल्या महाराष्ट्री प्राकृतात 'दिज्जइ' म्हणजे दिले जाते, 'करिज्जइ' म्हणजे केले जाते. मराठी जन्मली तेव्हा 'इज्ज' मधला एक ज गळाला आणि दीजे, करिजे, कीजे ही रूपे झाली.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी झाली. तीत ही रूपे पानोपानी भेटतात. आपण सर्व जण जे पसायदान म्हणतो, त्याच्या शेवटाकडे 'भजिजो' असे एक रूप आहे. तेही याच घरातले. फरक इतकाच की तेथे नुसते विधान नसून इच्छा आहे. महानुभावांच्या गद्यात, संतांच्या अभंगांत आणि पुढे पंडित कवींच्या आख्यानांत हा प्रयोग नांदला. आपल्या सज्जनगडावरच्या समर्थांच्या दासबोधातही त्याची वस्ती आहे.

या रूपांचा अभ्यास करणाऱ्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव सातारकरांनी विसरू नये. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो आपल्या वाईस मिळालेल्या कागदांच्या आधारे. पुढे १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण लिहिले. राजांचे कागद शोधणारा माणूस शब्दांची कुळेही शोधीत होता. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. शंकर गोपाळ तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली आला. अशा विद्वानांच्या कष्टांमुळेच आमच्यासारख्याला ही वंशावळ हाती लागते.

आता प्रश्न असा, की 'केले जाते' या साध्या अर्थाच्या रूपाला 'केले पाहिजे' असा आज्ञेचा वास कोठून आला? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात सापडेल. पोर ताटावर बसून बडबडू लागले, की आजी म्हणते, "जेवताना बोलत नसतात." हे दिसायला विधान आहे, परंतु पोराला त्यातली आज्ञा बरोबर समजते. रीत सांगितली की हुकूम आपोआप झाला. तसेच 'कीजे' हे 'असे केले जाते' यावरून 'असे करावे' यापर्यंत सरकले. भाषेत रीत आणि हुकूम यांच्यामधली भिंत फार पातळ असते.

या सरकण्याचा मोठा पुरावा आपल्या दप्तरांत आहे. मराठी राज्यात वरच्याने खालच्याला पत्र लिहिले, की त्याच्या शेवटी एक शब्द येई: 'जाणिजे'. जाणले जावे, लक्षात ठेवले जावे, असा त्याचा अर्थ. १७०८ साली शाहू महाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि हे नगर मराठी राज्याची राजधानी बनले. येथून सुटलेल्या किती आज्ञापत्रांच्या अखेरीस हा शब्द बसला असेल! जाणिजे म्हटले की पुढे बोलणे संपले.

आता त्याच काळातली बरोबरीच्या किंवा मोठ्या माणसाला लिहिलेली पत्रे उघडा. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापला, त्यासारख्या संग्रहांत अशी पत्रे पुष्कळ मिळतात. त्यांचा शेवट निराळा आहे: बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे. या 'दीजे'त हुकूम नाही, आर्जव आहे. व्याकरणाने पाहता 'जाणिजे' आणि 'दीजे' सख्खी भावंडे. एक उंचावरून खाली उतरते, दुसरे हात जोडून उभे राहते. एकाच रूपाने राजाचा हुकूम सांगितला आणि चाकराची विनवणीही सांगितली.

पुढे काळ बदलला आणि या घराण्याला प्रतिस्पर्धी मिळाला. तो म्हणजे 'करावे, द्यावे, जावे' हा आपला रोजचा विध्यर्थ. याचेही मूळ संस्कृतातच आहे. 'कर्तव्य' या शब्दाच्या शेवटी जो 'तव्य' आहे, तोच प्राकृतात 'अव्व' झाला आणि मराठीत 'आवा, आवी, आवे' होऊन बसला. म्हणून 'कर्तव्य' आणि 'करावे' हे एकाच मुळाचे दोन फाटे आहेत. एक पोथीच्या वाटेने आला आणि दुसरा लोकांच्या तोंडून आला. सभेपुढे आपण जो 'अजेंडा' ठेवतो, त्या लॅटिन शब्दाचा अर्थही 'करावयाच्या गोष्टी' असाच आहे. हे 'करावे' अधिक सुटसुटीत होते. लोकांनी 'कीजे' सोडले आणि 'करावे' धरले. पत्राच्या शेवटचे 'असो दीजे' जाऊन 'लोभ असावा' आले. 'जाणिजे' हुकुमनाम्यांबरोबर दप्तरात बंद झाले.

एवढे मोठे घराणे असे ओस पडले, परंतु त्यातले दोघे जण तगले. पहिला 'म्हणजे'. मूळ रूप 'म्हणिजे', म्हणजे म्हटले जाते. आत्ताच्या या वाक्यातही तो आमच्या तोंडून गेला आणि कोणाच्या लक्षातही आला नसेल, इतका तो मुरला आहे. त्याने क्रियापदाचे काम सोडून अव्ययाची नोकरी धरली. दुसरा 'पाहिजे'. याने मात्र क्रियापदाचे काम सोडले नाही.

'पाहणे' याचा अर्थ नुसते डोळ्यांनी बघणे एवढाच नाही. आपण मुलासाठी स्थळ पाहतो, नोकरी पाहतो, एसटीची वाट पाहतो. या सगळ्यांत शोध आहे, अपेक्षा आहे. तेव्हा 'पाणी पाहिजे' याचा मूळ अर्थ 'पाणी पाहिले जाते, शोधले जाते'. जे शोधले जाते त्याची उणीव असते, आणि ज्याची उणीव असते ते हवे असते. शोधण्यापासून हवे असण्यापर्यंतचा हा प्रवास शब्दाने असा सरळ रस्त्याने केला.

आपल्या शेजाऱ्यांनीही हाच रस्ता धरला, ही मौजेची गोष्ट आहे. गुजरातीत पाहण्याला 'जोवुं' म्हणतात आणि हवे असण्याला 'जोईए' म्हणतात. 'पाहिजे'चेच हे तंतोतंत गुजराती रूप. हिंदीत 'चाहना'वरून 'चाहिए' झाले, तेही मुळात कर्मणीच. हेमचंद्रांनी नोंदवलेल्या दोन प्रत्ययांपैकी 'इज्ज' मराठीने घेतला आणि 'ईअ'ची परंपरा 'जोईए' व 'चाहिए' यांत राहिली. मुंबईच्या गिरणगावात सातारा-सांगलीकडचा घाटी, कोकणातला चाकरमानी आणि उत्तरेकडचा भैया एका खात्यात राबत. एकाला पगार 'पाहिजे' होता, दुसऱ्याला 'चाहिए' होता; गरज जशी एक होती, तसे व्याकरणही एकच होते.

साता समुद्रापलीकडे पाहिले तरी असाच प्रकार आहे. इंग्रजीत कर्तव्य सांगण्यासाठी 'ऑट' हे क्रियापद वापरतात. तेही आपल्या 'पाहिजे'सारखे गोठलेले. त्याला काळ नाही, माणसाप्रमाणे बदलणे नाही. कारण ते मुळात 'ओ' या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप आहे. 'ओ' याचा अर्थ देणे असणे, कर्जदार असणे. ज्याचे देणे होते ते करणे भाग पडले, आणि देण्याचा शब्द कर्तव्याचा शब्द बनला. मराठी माणूस कर्तव्याकडे शोधाच्या वाटेने आला आणि इंग्रज कर्जाच्या वाटेने. आम्हां कामगारांना दोन्ही वाटा ओळखीच्या आहेत.

येथे आपल्या मुलखातल्या बोलीविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. सातारा-सांगलीकडे खेड्यात 'पायजेल' म्हणतात आणि शहरी लोक त्याला हसतात. हसणाऱ्यांनी जुनी मराठी वाचावी. पुराण कर्मणीला स्वतःचा भविष्यकाळ होता आणि त्याच्या शेवटी 'ल' येई. केले जाईल या अर्थी 'कीजैल'. आमच्या माणदेशातल्या म्हातारीचे 'पायजेल' त्याच घडणीशी जुळते. तिला व्याकरण येत नाही असे म्हणणाऱ्यापेक्षा तिच्या जिभेवर अधिक जुने व्याकरण नांदते. उलट 'पाहिजेत' हे शिष्ट अनेकवचन, त्यातला 'त' हाच मागाहून जोडलेला आहे.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. राजाच्या हुकुमात आणि चाकराच्या विनवणीत वावरलेले हे रूप मागणीच्या तोंडी कसे आले?

एकोणिसाव्या शतकात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. सकाळी उजेड झाल्यापासून अंधार पडेपर्यंत काम आणि आठवड्याची सुट्टी नाही, अशी स्थिती होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, कामात जखमी झालेल्यास मदत, अशा त्यातल्या मागण्या होत्या. लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, आणि फुल्यांचे मूळ गाव आपल्या जिल्ह्यातले कटगुण. १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी उशिरापर्यंत झोपतो, त्यामागे ही सह्यांची कहाणी आहे. पुढे १९२८ च्या सार्वत्रिक संपात संयुक्त संप समितीने सतरा मागण्या मालकांपुढे ठेवल्या. अर्ज आणि विनंती यांची जागा हळूहळू मागणीने घेतली. 'मेहेरबानी व्हावी' असे म्हणणारा माणूस 'मिळालेच पाहिजे' असे म्हणू लागला.

या 'मिळालेच पाहिजे'त एक बारकावा आहे, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. 'मिळाले' हे घडून गेलेल्या गोष्टीचे रूप आहे. 'पाहिजे' याचा मूळ अर्थ पाहिले जाते, अपेक्षिले जाते. तेव्हा 'मिळाले पाहिजे' म्हणजे मिळालेले पाहावयाचे आहे. जी गोष्ट अजून झाली नाही, ती झालेली धरून तिची वाट पाहणे, असा या वाक्याचा घाट आहे. मागणी करणाऱ्याच्या मनात काम आधी पुरे होते. जगात ते पुरे होणे तेवढे शिल्लक असते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या घाटाचे बळ साऱ्या मुलखाने अनुभवले. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा आठवा. 'झाला' म्हणताना महाराष्ट्र झालेला आहे, 'च'ने त्यावर खिळा ठोकला आहे, आणि 'पाहिजे'ने लक्षावधी डोळे त्याच्या वाटेकडे लावले आहेत. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १९५७ च्या निवडणुकीत क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तेव्हा समितीने मोठी निदर्शने केली आणि वाई-पसरणीच्या बाजूचा रस्ता माणसांनी भरून गेला. ज्या मुलखातून एके काळी 'जाणिजे' असे हुकूम सुटले, त्या मुलखातली रयत रस्त्याच्या कडेला उभी राहून त्याच रूपाच्या भावंडाने राज्यकर्त्यांना बजावीत होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. खाली उतरणारा शब्द वर चढला, एवढा या कुळकथेतला खरा इतिहास आहे.

इथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. परंतु या शब्दात एक उणीवही आहे, आणि ती सांगितल्यावाचून आमचे काम पुरे होत नाही.

कर्मणि प्रयोगात कर्ता मागे सरतो. 'पगार मिळाला पाहिजे' या वाक्यात पगार आहे, मिळणे आहे, अपेक्षा आहे, देणारा नाही. मराठीत देणाऱ्याची जागा 'ने' या प्रत्ययाने दाखवितात आणि घेणाऱ्याची 'ला'ने. 'कंपनीने कामगाराला पगार दिला पाहिजे' हे भरलेले वाक्य. त्यातला 'ला' आम्ही कधी विसरत नाही. 'ने' मात्र पुष्कळदा रिकामा राहतो. मोर्चात ते चालते, कारण कोणाच्या दारात उभे राहून ओरडतो आहोत हे सर्वांना दिसत असते. कागदावर ते दार दिसत नाही.

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण देतो. एका कारखान्यात आम्ही काम पाहू लागण्यापूर्वीच एक करार झालेला होता. त्यात कलम होते, की सर्व कामगारांना हातमोजे व बूट वेळेवर मिळाले पाहिजेत. कायम कामगारांना ते मिळत; ठेकेदाराकडच्या पोरांना मिळत नसत. कंपनीकडे गेले की उत्तर मिळे, माणसे ठेकेदाराची आहेत. ठेकेदाराकडे गेले की उत्तर मिळे, करार कंपनीचा आहे. दोघेही कराराची प्रत पुढे करीत, आणि दोघांनाही त्यात आपले नाव सापडत नसे. एका पावसाळ्यात पत्र्याच्या धारेने एका तरुणाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. चौकशी झाली. कलम वाचले गेले. वाक्य शुद्ध होते, त्यात एकही चूक नव्हती. फक्त त्यात 'ने' नव्हता. त्या मुलाच्या बोटांना व्याकरणाची माहिती नव्हती, पण व्याकरणातली पोकळी भोगावी लागली ती त्यांनाच. पुढच्या करारात ते कलम 'कंपनीने, ठेकेदाराचे असोत वा स्वतःचे, सर्व कामगारांना' असे सुरू झाले. एवढा एक प्रत्यय बसवून घेण्यासाठी अकरा बैठका लागल्या.

'ने' कोणाचा, हे कायद्यात लिहिले की काय फरक पडतो, याचे उदाहरण १९७० च्या ठेका कामगारांच्या कायद्यात सापडते. ठेकेदाराने मजुरी चुकविली तर मूळ मालकाने ती द्यावी, असे त्यात घातले होते. तेथे कर्ता एक नव्हे, दोन लिहिले. पहिला पळाला तर दुसरा कोण, हेही लिहिले. हे कलम पदरात पडल्यावर ठेका मजुराला निदान कोणाचे दार ठोठवावे हे कळले.

उलट सरकारी मराठीचा घाट पाहा. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ या कायद्याने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु कचेरीत 'करण्यात येईल' नावाचे एक नवे पुराण कर्मणि जन्मास आले. आपल्या अर्जाचा विचार करण्यात येईल. रस्ता दुरुस्त करण्यात येईल. येईल खरे, पण कोणाकडून, याचा पत्ता लागत नाही. जुन्या 'जाणिजे'मागे निदान एक शिक्का असे आणि त्या शिक्क्यामागे एक धनी असे. या 'येईल'मागे पुष्कळदा नुसती जावक क्रमांकाची नोंद असते.

कर्त्याची नोंद हा इतिहासाचाही प्रश्न आहे. कर्नाटकात श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या प्रचंड मूर्तीच्या पायथ्याशी मराठीतल्या फार जुन्या कोरीव ओळींपैकी एक आहे: श्री चावुंडराजें करवियलें. चावुंडराजाने करविले, असा अर्थ. त्यातले 'राजें' हे आजच्या 'राजाने'चे जुने रूप. म्हणजे दगडावर 'ने' कोरलेला आहे, परंतु तो करविणाऱ्याचा. 'करविले' या शब्दातच आणखी कोणीतरी केले हे कबूल केलेले आहे. ज्यांनी प्रत्यक्ष छिन्नी चालविली, त्यांचा 'ने' त्या ओळीत नाही. कामगारांचा इतिहास लिहावयाचा, तो हा राहिलेला 'ने' शोधण्यासाठी.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या भूमीत 'कमवा आणि शिका' ही शिकवण रुजविली. या शिकवणुकीत कर्मणि नाही, गाळलेला कर्ता नाही. समोर जो बसला आहे त्याने कमवावे आणि त्यानेच शिकावे, इतका सरळ व्यवहार. आमच्यासारख्या अर्धशिक्षिताला व्याकरणाच्या पुस्तकापर्यंत पोहोचविले, ते अशाच सरळ वाक्यांनी.

तेव्हा 'पाहिजे' टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. सातशे वर्षांहून अधिक काळ झिजूनही तो तुटला नाही. हुकूम, विनवणी आणि मागणी या तिन्ही कामांना त्याचे कूळ पुरले. असा शब्द टाकायचा नसतो, त्याची मूठ घट्ट करायची असते. नगरपालिकेला अर्ज लिहिताना, सोसायटीचा ठराव करताना, कारखान्याचा करार करताना, जेथे 'पाहिजे' येईल तेथे क्षणभर थांबून विचारावे, की यातला 'ने' कोण? नाव मिळाले तर ते लिहून टाकावे. मिळाले नाही, तर त्या मागणीचे अर्धे काम अजून व्हावयाचे आहे असे समजावे.

आणि शेवटी व्याकरणातलीच एक गोष्ट. मराठीत रामाने, मालकाने, सरकारने, त्यांनी, असा कर्त्याला प्रत्यय लागतो. चार सर्वनामांना मात्र तो लागत नाही: मी, आम्ही, तू आणि तुम्ही. 'त्याने हे काम केले पाहिजे' यात 'ने' दिसतो. 'आम्ही हे काम केले पाहिजे' यात तो दिसत नाही. तरीही व्याकरण सांगते की हा 'आम्ही' तृतीयेतलाच आहे, कर्त्याच्याच जागी उभा आहे. दुसऱ्यावर टाकलेली जबाबदारी प्रत्ययाने ओळखू येते. आपली जबाबदारी प्रत्ययावाचून ओळखावी लागते, आणि तुम्ही-आम्ही ती ओळखली पाहिजे.